घोड्यांचे फोटो त्याच रात्री पाठवायचे असतात, निवडण्यातच पहाट होते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार वर्षं घोड्यांचे फोटो काढतोय. एरवी स्टड फार्म आणि रायडिंग क्लबची कामं, पण खरी कमाई दत्तजयंतीला, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. फोटो चांगले येतात. त्यानंतरच्या कामात मात्र पार बुडतो.

तिथे घोडा विकायलाच आलेला असतो. मालकाला फोटो त्याच रात्री हवा, गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला. सकाळी सौदा झाला की माझ्या फोटोला कोण विचारतंय?

दिवसाला २५-३० घोडे. प्रत्येकाचा बाजूने उभा, तोंडाचा आणि रेवाल चालीचा (न उसळता भरभर टाकायची चाल) फोटो. मारवाडी असला तर कानांची टोकं एकमेकांना भिडलेली दिसलीच पाहिजेत, नाहीतर मालक मान हलवतो. म्हणून कान उभे राहीपर्यंत बटण दाबून धरायचं. मेव्हणा दुसऱ्या कॅमेऱ्यावर चाल टिपतो. रात्री लॉजवर तीन हजार रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, जड) फाइली!

लाइटरूममध्ये (फोटो निवडायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू, म्हणजे बघायची चित्रं, बनवायला लावून जेवायला जातो, परत आलो तरी अर्धे बाकी. मग एकेक उघडून पसंतीप्रमाणे तारे द्यायचे, फोटोशॉपमध्ये दोरी पुसायची, वहीत मालकाचा नंबर शोधायचा. गेल्या वर्षी दोन कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्या होत्या, दोन्ही पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं. एकीच्या चालीचे फोटो दुसरीच्या मालकाला गेले आणि त्याने ते पुढे पाठवलेसुद्धा. काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

नवा लॅपटॉप घेऊ, की पद्धतच चुकतेय?

प्रतिसाद १
लॅपटॉपचे पैसे राहू द्या. इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा. कॅमेऱ्याने रॉमध्येच ठेवलेलं चित्र दिसतं, त्यामुळे लगेच चाळता येतं. तारे बंद. पहिल्या फेरीत फक्त कान बघा: पी दाबला की ठेवला, एक्स दाबला की गेला. पाय, पाठीची रेघ, मागे आलेली मोटारसायकल हे सगळं दुसऱ्या फेरीत. दोरी फक्त मालकाने पसंत केलेल्या फोटोतली पुसायची, आणि त्याचे पैसे वेगळे.

प्रतिसाद २
घोडा पुढे आला की आधी पाटीचा फोटो: क्रमांक, मालकाचं नाव, मोबाइल. पाटी ते पाटी एक घोडा, वही लागतच नाही. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून त्याचा दर्जा कमी करतं.
एक विचारतो, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवता का? वेळेप्रमाणे लावले की एकाची पाटी दुसऱ्याच्या फोटोंनाही चालते, पण घड्याळं जुळली तरच.

धागाकर्ता
आत्ता दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून बघितले. मेव्हण्याचा साडेसहा मिनिटं मागे! तेवढ्यात आमचा एक घोडा आटोपतो. म्हणजे त्या कुमैत घोड्यांचा घोळ इथेच झाला, आणि मी वर्षभर त्याच्यावर डाफरतोय.
जुन्या फोटोंची वेळ एकदम बदलता येते का?

प्रतिसाद २
येते. त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा आणि लाइटरूममध्ये ‘एडिट कॅप्चर टाइम’. एकाची वेळ सुधारली की बाकीचे तेवढेच सरकतात. यंदा मात्र रोज सकाळी, पहिला घोडा यायच्या आत, दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढा. आणि मेव्हण्याला चहा पाजा.