सेलेनियमच्या गोळीने प्रतिकारशक्ती वाढते का?

मुक्ता_नाशिक: भाऊ न्यू जर्सीहून येताना आईसाठी सेलेनियम या खनिजाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आलाय, एका गोळीत २०० मायक्रोग्रॅम. शिवाय ब्राझील नट्सची पिशवी. ‘इम्युनिटीसाठी दोन्ही रोज घे’ म्हणतो. आई ६८ वर्षांची, थायरॉइडची गोळी चालू, बाकी ठणठणीत. द्यावं का? घरात दोन तट पडलेत.

गुरांचा_डॉक्टर: ताई, मी जनावरांचा डॉक्टर, तेवढं धरून वाचा. गाईची वार अडकते, कासदाह पुन्हा पुन्हा उलटतो, तेव्हा आम्हाला सेलेनियम आठवतं. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी त्यांना गिळून पेरॉक्साइडसारख्या जहाल रसायनांनी मारतात. त्यात पेशी स्वतःही पोळते. ते निववणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमच्या गाभ्यात सेलेनियम असतं. ते कमी पडलं तर पेशी कासेपर्यंत पोचतात, पण जंतू नीट मरत नाहीत.

माणसांचं उदाहरण चीनच्या केशानचं. तिथल्या मातीत सेलेनियम फार कमी, आणि बायकामुलांना हृदयाचा जीवघेणा आजार व्हायचा. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. सेलेनियम कमी असलेल्या उंदरांत निरुपद्रवी कॉक्सॅकी विषाणू बदलला आणि हृदय बिघडवू लागला. मग तोच विषाणू नीट खाऊनपिऊन असलेल्या उंदरांनाही बाधला! मी हे वाचून उडालोच होतो.

पण ही सगळी कमतरतेची गोष्ट. एन्झाइमची गरज भागली की वरचं सेलेनियम ताकद देत नाही, बाधतं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात मातीतच ते जास्त आहे. तिथल्या गुरांचे केस झडतात, खूर तडकतात. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. युरोपने २०२३ मध्ये वरची मर्यादा २५५ वर आणली. तुमची गोळीच २०० ची. वर नट्स, आणि त्यांचा तर काही नेमच नाही, एकेका बीत दिवसाच्या गरजेहून जास्त असू शकतं.

शेगाववाला: केसांवरून आठवलं. २०२५ च्या सुरुवातीला आमच्याकडे गावंच्या गावं टकली होत होती. आधी पाण्याला दोष, मग शाम्पूला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यावरून वाद झाले, पण तेव्हापासून हा शब्द ऐकला तरी हात डोक्याकडे जातो.

मुक्ता_नाशिक: बाप रे. आई रोज एक अंडं खाते, रविवारी मासे. एवढ्यात भागतं का?

गुरांचा_डॉक्टर: अंडं, मासे, पोळी, डाळ असं रोजचं जेवण असेल तर बहुधा भागतं. थायरॉइडचं हार्मोन कामाला लावणाऱ्या एन्झाइमांनाही सेलेनियम लागतं, त्यामुळे भाऊ आता तोही मुद्दा काढेल. तर बाटली आईच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर गोळी नको. नट्स घरात सगळ्यांना वाटून टाका, एकट्या आईला रोज नकोत.