जोडीतुलनेत भाताच्या तीन जाती बरोबरीत आल्या, तर पसंतीक्रम कसा मांडावा?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी आजरा तालुक्यातील एका गावात भाताच्या जातींविषयी शेतकऱ्यांची पसंती अभ्यासत आहे. सहभागी ग्रामीण समीक्षेतील, म्हणजे आपण सगळे ज्याला पीआरए म्हणतो त्यातील, पसंतीक्रमाची पद्धत मी निवडली. गेल्या आठवड्यात देवळाच्या फरशीवर खडूने तक्ता आखला, सहा जातींच्या लोंब्या मांडल्या आणि एकेक जोडी समोर ठेवून "या दोहोंत कोणती बरी?" असे विचारत गेले. सहा जातींच्या पंधरा जोड्या होतात. बैठकीला अठरा जण होते, त्यांत सात स्त्रिया. प्रत्येक जोडीवर चर्चा होऊन जे ठरले, ते मी नोंदवले.

अडचण अशी आहे, की घनसाळ, इंद्रायणी आणि संकरित या तिन्ही जातींना प्रत्येकी चार जोड्यांत पसंती मिळाली, आणि काळा जिरगा धरून उरलेल्या तीन जातींना अनुक्रमे दोन, एक आणि शून्य. घनसाळ इंद्रायणीपेक्षा सरस ठरला, इंद्रायणी संकरितापेक्षा सरस ठरली, आणि संकरित मात्र घनसाळापेक्षा सरस ठरले. आता पहिला क्रमांक कोणाला द्यावा? माझ्या मार्गदर्शकांचे मत असे, की बैठक नीट चालवली गेली नाही, ती पुन्हा घ्यावी. मला तसे वाटत नाही, कारण लोक मन लावून बोलत होते, परंतु माझ्याजवळ उत्तरही नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. सतरंजी गुंडाळताना एका आजींनी घनसाळाची लोंबी उचलून हातावर चोळली, वास घेतला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्याची पिंजर उंच असती, जनावरं आवडीनं खात्यात." पिंजर म्हणजे भाताचा पेंढा. बैठकीत हे वाक्य एकदाही आले नव्हते.

उत्तर १ (क्षेत्र कार्यकर्ता, शाहूवाडी)

आपली बैठक फसलेली नाही. प्रत्येक जोडीला लोकांनी कारण काय दिले, हे आपण लिहून ठेवले असेल, तर उत्तर त्या वहीतच सापडेल. माझा अंदाज सांगतो. घनसाळ आणि इंद्रायणी समोर आले, तेव्हा लोक वासाविषयी आणि सणाच्या भाताविषयी बोलले असतील. इंद्रायणी आणि संकरित समोर आले, तेव्हा बियाण्याची गोष्ट निघाली असेल, कारण इंद्रायणीचे बी घरचे ठेवता येते आणि संकरिताचे दरवर्षी दुकानातून आणावे लागते. संकरित आणि घनसाळ यांच्यात बोलणे उताऱ्यावर आले असेल, आणि वाऱ्यापावसात कोणते भात आडवे होते यावर. तीन जोड्यांना तीन निकष लागले. "बरी" हा शब्द तोच राहिला, पण त्याचा अर्थ प्रत्येक वेळी बदलला.

म्हणून तक्त्याच्या चौकटीत केवळ जिंकलेल्या जातीचे नाव लिहिणे पुरेसे नसते. त्याखाली कारण लिहावे आणि तेही लोकांच्याच शब्दांत. "उतार जास्त" आणि "पोटाला लागतो" ही दोन निराळी कारणे आहेत, त्यांना "उत्पादकता" म्हणून एकत्र बांधू नये. या कारणांतूनच निकषांची यादी तयार होते आणि मग दुसरी फेरी घ्यायची : आडव्या बाजूला जाती, उभ्या बाजूला निकष, आणि प्रत्येक चौकटीत शून्य ते दहा चिंचोके. तेथे घनसाळाला वासासाठी नऊ चिंचोके आणि उताऱ्यासाठी तीन पडले, तर कोणाचेच काही बिघडत नाही. सगळ्यांची बेरीज करून विजेता काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तशी बेरीज केली की वास आणि उतार यांचे वजन सारखेच आहे, असे आपणच ठरवून टाकतो.

माझ्या हातून झालेली एक चूक आपल्या उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी मी नमुन्यांऐवजी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या मांडल्या होत्या. लोकांचा समज झाला, की जी पिशवी वर येईल तिचे बी अनुदानावर मिळणार, आणि सर्वांत महाग पिशवी पहिली आली. मी ती माहिती खरी मानून अहवालातही घातली. पुढच्या हंगामात शिवारात फिरलो, तेव्हा ते वाण एकाही खाचरात नव्हते. तेव्हापासून आपण काय देणार आहोत आणि काय देणार नाही, हे मी बैठकीच्या सुरुवातीलाच दोनदा सांगतो.

आजींच्या वाक्याविषयी एवढेच सांगेन, की स्त्रियांची बैठक वेगळी घ्या, वेगळ्या वेळी आणि शक्यतो एखाद्या घराच्या सोप्यात. देवळाच्या फरशीवर खडू कोणाच्या हातात होता, हेही आठवून पाहा. पीआरएचे प्रमुख पुरस्कर्ते रॉबर्ट चेंबर्स यांनी काठी, म्हणजे बैठकीची सूत्रे, लोकांच्या हाती देण्याविषयी जे वारंवार सांगितले, ते अशाच ठिकाणी कसाला लागते.

उत्तर २ (संख्याशास्त्राचा निवृत्त अध्यापक, कोल्हापूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात एक शक्यता राहून गेली. निकष बदलला नाही, तरीही असे चक्र तयार होऊ शकते. समजा गटातील प्रत्येक जण आपल्यापुरता अगदी ठाम आहे : एकाचा क्रम घनसाळ, इंद्रायणी, संकरित, दुसऱ्याचा इंद्रायणी, संकरित, घनसाळ, तिसऱ्याचा संकरित, घनसाळ, इंद्रायणी. आता जोडीगणिक बहुमत घ्या. घनसाळ इंद्रायणीवर दोन विरुद्ध एक असा जिंकतो, इंद्रायणी संकरितावर तशीच, आणि संकरित घनसाळावर तसेच. तिघांपैकी कोणाचेही मत विसंगत नाही, तरीही गटाचे मत गोल फिरते. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवलेला हा विरोधाभास आहे. आपल्या तक्त्यात पहिले कारण आहे, दुसरे आहे की दोन्ही आहेत, हे केवळ गटाच्या तक्त्यावरून कळणार नाही. त्यासाठी गटचर्चेपूर्वी निदान दहाबारा जणांकडून एकेकट्याने लोंब्या ओळीत लावून घ्याव्या लागतील.

मार्गदर्शकांना दाखवण्यासाठी एक हिशेब देतो. जोडीतुलनेतील अशा चक्राकार त्रयी मोजण्याची रीत केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४० मध्ये मांडली. सहा वस्तूंत जास्तीत जास्त आठ त्रयी संभवतात. आपल्या ४, ४, ४, २, १, ० या गुणांतून एकच निघते, म्हणून सुसंगतीचा गुणांक एक वजा एक अष्टमांश, म्हणजे ०.८७५ येतो. बैठक भरकटली असती, तर हा आकडा एवढा वर राहिला नसता. हा गुणांक मुळात एका परीक्षकासाठी आहे, म्हणून प्रबंधात "गटाच्या एकत्रित निर्णयाची सुसंगती" असे स्पष्ट लिहावे.

वैयक्तिक क्रम हाती आले, की केंडॉलचा एकमताचा गुणांक काढता येतो. तो शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. मात्र स्त्रिया आणि पुरुष यांचे क्रम आधी वेगळे करूनच तो काढावा. दोन गट आतून एकमुखी आणि परस्परांच्या अगदी उलट असले, तर एकत्र काढलेला गुणांक शून्याजवळ येतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की गावात कोणाचे कोणाशी जुळत नाही.

उत्तर ३ (शेतकरी, आजरा)

मी असल्या दोन बैठकांना बसले आहे, म्हणून लिहिते. ताई, तुम्ही विचारलेत की दोहोंत कोणती बरी, पण आमच्याकडे कोणीही एकच जात लावत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात एक, वरच्या हलक्या तुकड्यात दुसरी, आणि घरच्या खाण्यापुरते चार गुंठे घनसाळ. तुमचा तक्ता जी निवड मागतो, ती आम्ही शेतात कधी करतच नाही. त्यामुळे तीन जाती सारख्या आल्या याचे मला नवल वाटले नाही.

त्यापेक्षा प्रत्येकीला चाळीस चिंचोके द्या आणि सांगा, की हे तुमच्या एकराचे चाळीस गुंठे आहेत, सहा लोंब्यांपुढे वाटून ठेवा. कोण किती ठेवते ते दिसेलच, आणि ठेवताना जे बोलणे होईल ते लिहून घ्या. पिंजरीची गोष्ट त्यात आपोआप येईल, कारण वैरणीचा भारा आम्हीच उचलतो. शिवाय धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात, पेरणी करणाऱ्यांना आणि रोप लावणाऱ्यांना वेगवेगळे विचारा, त्यांचे हिशेब निराळे असतात.

आणि एक विनंती. मागच्या दोन्ही वेळी पाहुण्यांनी तक्त्याचा फोटो काढला आणि मग फरशी धुतली गेली. आम्हाला त्यातले काही मिळाले नाही. कागदावर एक नक्कल काढून गावात ठेवा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

तिघांचीही मनापासून आभारी आहे. काल रात्री वही पुन्हा वाचली. इंद्रायणी आणि संकरित यांच्यासमोर "बी घरचं" असे लिहिलेले आहे, आणि संकरित व घनसाळ यांच्यासमोर "लोळत नाही". मी हे शब्द टिपले होते, पण तक्ता तयार करताना सोडून दिले. घनसाळ आणि इंद्रायणीच्या जोडीपुढे मात्र काहीच नोंद नाही. ती जोडी सर्वांत आधी आली होती, आणि तेव्हा कारण विचारायचे मला सुचलेच नव्हते.

रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, मी पुन्हा जाणार आहे. या वेळी आजींच्या सोप्यात बसू, चाळीस चिंचोके वाटायचे ठरवले आहे, आणि खडू त्यांच्या नातीकडे देणार आहे. खाचर आणि वरचा तुकडा यांच्यासाठी चिंचोके वेगवेगळे द्यावेत, की एकत्रच ठेवून वाटणी करताना बायकांनीच ते सांगावे, याविषयी आजऱ्याच्या ताईंनी आणखी लिहिले, तर फार उपयोग होईल. नक्कल दोन प्रतींत काढते, एक ग्रामपंचायतीसाठी आणि एक आजींच्या घरी.