जर्मनीत कापलेला टॅक्स: फॉर्म 67 भरू की तिथूनच परत मागू?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

कंपनीने मला 2 सप्टेंबर 2024 ते 31 जानेवारी 2025 असं जर्मनीतल्या भगिनी कंपनीत कामाला पाठवलं होतं. सगळे मिळून 152 दिवस. पगार इथल्याच खात्यात येत होता, टीडीएसही कापला जात होता. त्याच पगारावर तिथली कंपनीही दरमहा लोनश्टॉयर (तिथला पगारावरचा कर) भरत होती आणि ते पैसे माझ्याच पगारातून वळते होत होते. पाच महिने एकाच पगाराला दोन्हीकडून कात्री लागली. घराचा हप्ता कसाबसा भरला.

त्या आर्थिक वर्षात मी भारतात 182 पेक्षा बरेच जास्त दिवस होतो, म्हणजे रहिवासीच. त्यामुळे हा पगार इथे करपात्र आहे हे मान्य.

एचआर म्हणतं, आयटीआर-2 भर, परदेशी उत्पन्न दाखव, फॉर्म 67 (परदेशात भरलेल्या कराचा तपशील) जोड, क्रेडिट मिळेल, म्हणजे तिथला कर इथल्या करातून वजा होईल. सीएंना विचारलं तर ते थांबले. त्यांच्या मते दोन्ही देशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात 183 दिवसांची सवलत आहे. मुक्काम त्याहून कमी, पगार देणारी कंपनी तिथली नाही आणि पगाराचा बोजा तिच्या तिथल्या शाखेवर पडलेला नाही, असं असेल तर जर्मनीला कर घेण्याचा हक्कच नाही. आणि करारापेक्षा जास्त कापलेला कर आपल्या आयकर नियमांतला नियम 128 क्रेडिटसाठी धरत नाही. मग तो फिनान्झआम्टकडूनच (जर्मनीचं कर कार्यालय) परत मागायचा.

खरी गाठ इथे आहे. माझ्या पगाराचा खर्च भगिनी कंपनीने इथल्या कंपनीला चुकता केला, असं अकाउंट्समधला एक जण बोलता बोलता म्हणाला. तसं असेल तर ती माझी खरी मालक ठरू शकते, सवलत जाते, कर योग्य ठरतो आणि क्रेडिट इथे मिळायला हवं. पण लेखी द्यायला कोणी तयार नाही. मला तर हाच सगळ्यात कळीचा कागद वाटतो.

तिथलं कर-वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून कापलेल्या कराची प्रमाणपत्रंही दोन आली आहेत: 2024 चं आणि 2025 चं. चौथ्या ओळीत कापलेली लोनश्टॉयर आहे, पण महिनावार फोड नाही. रुपयांत बदलताना मात्र कर कापलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याअखेरचा टीटी बाइंग रेट (बँकेचा परकीय चलन खरेदीचा दर) लागतो. पगाराच्या पावत्यांवरून मी महिनावार आकडे काढले आहेत, पाचही जपून ठेवल्या आहेत.

रिटर्न वेळेत भरलं तर फॉर्म 67 ला 31 मार्च 2026 पर्यंत मुदत आहे. तोवर कंपनीकडून नेमकं काय लिहून घेऊ? दोन कंपन्यांमधल्या डेबिट नोटची (खर्च दुसऱ्या कंपनीच्या नावे टाकल्याचा कागद) प्रत पुरेल का? आणि अशा अल्प मुदतीच्या कामाचा परतावा फिनान्झआम्टकडून कोणी स्वतः मिळवला असेल, तर अर्ज तुम्ही केला की तिथल्या कंपनीने, हे कृपया सांगा.