प्राथमिक शाळेची जागा कशी ठरवतात?

पर्वरीकर: आमच्याकडे इमारतीवर इमारत उभी राहतेय, पण नवी प्राथमिक शाळा कुठे हवी ते कोणी बघतच नाही. बारक्या पोरांनी हायवे ओलांडायचा काय? नियम काय आहे?

म्हापशेकर: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २०१० च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किमी चालत जायच्या अंतरात शाळा हवी असं आहे. पण नकाशावर सरळ रेघ मारू नका, मध्ये हायवे नाहीतर खाडी आली की अंतर कुठच्या कुठे जातं, पोरं खरंच चालतात तो रस्ता मोजा.

फोंडेकर: अंगणवाडी, मैदान बाजूला असलं तर बरं, आईबापांची एकच फेरी होते. बाजार, बसस्टँडला चिकटून मात्र अजिबात नको, दिवसभर हॉर्न आणि धूर.

पर्वरीकर: ग्रामसभेत मांडतो, प्लॉट आत्ताच राखून ठेवा म्हणून.