एक तारखेचा रिपोर्ट: आपोआप जावा की हाताने?

सातपूरकर (धागाकर्ता)

नाशिकच्या कॉलेज रोडला आमची छोटी डिजिटल मार्केटिंग एजन्सी आहे. माणसं पाच, क्लायंट चौदा. दोन सराफ, एक दुचाकीची डीलरशिप, तीन बिल्डर, बाकी क्लासेस आणि दवाखाने. दर महिन्याच्या १ ते ४ तारखेला ऑफिसात दुसरं काम होत नाही. मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमधून आकडे काढा, गुगल अ‍ॅड्समधून काढा, अ‍ॅनालिटिक्समधून वेबसाइटचे आकडे काढा, एक्सेलमध्ये भरा, पीपीटीत चिकटवा, लोगो बदला. मागच्या महिन्यात एका दवाखान्याच्या रिपोर्टवर क्लासचा लोगो गेला. डॉक्टर सज्जन, हसून सोडून दिलं.

आता ठरवलंय की सगळं लूकर स्टुडिओवर, म्हणजे गुगलच्या रिपोर्ट बनवायच्या टूलवर, न्यायचं. गुगलचे आकडे तिथे थेट येतात, मेटासाठी बाहेरचा कनेक्टर (आकडे ओढून आणणारं सॉफ्टवेअर) विकत घ्यायचा, आणि १ तारखेला सकाळी ८ ला पीडीएफ आपोआप क्लायंटच्या मेलवर. आकडे चिकटवणं हे पगार देऊन करून घ्यायचं काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

पंचांगवाली

कारणासकट विरोध. सराफ म्हणालात ना, मग ऐका. २०२४ ला अक्षय तृतीया १० मेला होती, २०२५ ला ३० एप्रिलला. आमच्याकडे एका सराफांचा रिपोर्ट असाच आपोआप जायचा, त्यात 'मागच्या वर्षीचा हाच महिना' असा तक्ता. मे २०२५ चा गेला तो वरपासून खालपर्यंत लाल बाण. सकाळी शेठचा फोन, "ताई, जाहिरात बंद करू का?" मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता आणि रिपोर्ट गेल्याचंही मला माहीत नव्हतं. एप्रिल-मे मिळून पाहिले तर धंदा मागच्या वर्षीपेक्षा थोडा बराच होता.

सप्टेंबरात उलटं झालं. २०२४ ला पितृपक्ष २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सप्टेंबरची अखेर कोरडी. २०२५ ला २१ सप्टेंबरला सर्वपित्री आणि २२ ला घट बसले. त्याच २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुचाकीवाल्यांच्या रिपोर्टात सगळे बाण हिरवे आणि आमचं कौतुक. त्यात आमचा वाटा किती होता ते आम्हालाच ठाऊक.

आकडेमोड्या

ताई, हे पंचांगाचं दुखणं तर सगळ्यात सोपं आहे. एका शीटमध्ये सणांच्या तारखा वर्षवार भरा आणि तुलना महिन्याशी न करता सणाच्या आधीच्या २१ दिवसांशी करा. यंत्राला १ तारीख शिकवता येते तशी तृतीयाही शिकवता येते.

धागाकर्त्यांचा खरा घोळ वेगळाच आहे. १ तारीख, सकाळी ८ वाजता? अ‍ॅनालिटिक्सचे आकडे पक्के व्हायला २४ ते ४८ तास जातात, म्हणजे शेवटचे दोन दिवस अर्धवट. मेटा क्लिकनंतर सात दिवसांत झालेली खरेदी मोजतं आणि तिचं श्रेय जाहिरात ज्या दिवशी पाहिली त्या दिवसाला देतं. त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा पुढच्या महिन्यातही फुगत राहतो. १ तारखेला ४० खरेद्या म्हणून पाठवाल, ८ ला उघडाल तर ४६. क्लायंट विचारणार, आधीचं खोटं की आताचं?

शिवाय मेटाचं साधं टोकन (आकडे आपोआप ओढायची किल्ली) ६० दिवसांनी मरतं. सिस्टीम युजरचं, म्हणजे माणसाच्या नव्हे तर कंपनीच्या नावावरच्या खात्याचं घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात रिकामे चौकोन जातील. आणि आकडे आधी शीटमध्ये उतरवा, मग तिथून दाखवा. २०२२ च्या नोव्हेंबरात गुगलने अ‍ॅनालिटिक्स ४ च्या कनेक्टरवर कोटा (किती वेळा आकडे मागवायचे याची मर्यादा) लावला तेव्हा थेट जोडलेल्या डॅशबोर्डांवर आकड्यांच्या जागी एरर यायला लागले. मी तेव्हा एका मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून बसलो होतो. जाऊ द्या.

अंबडचा_क्लायंट

मी टेबलाच्या पलीकडचा. पंपाचे सुटे भाग बनवतो, तीन वर्षांत दोन एजन्सी बदलल्या. माझं मत आपोआप रिपोर्टच्या बाजूने, पण कारण वरच्या कुणी लिहिलेलं नाही.

हाताने केलेला रिपोर्ट म्हणजे तुम्ही निवडलेले आकडे. ज्या महिन्यात चौकश्या चांगल्या त्या महिन्यात पहिल्या पानावर चौकश्या. ज्या महिन्यात पडल्या त्या महिन्यात पहिल्या पानावर रीच (जाहिरात किती जणांना दिसली), आणि खाली 'ब्रँड अवेअरनेस उत्तम'. मी सहा महिन्यांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं की पहिलं पान दर वेळी वेगळं आहे. यंत्राला लाज नसते, ते दर महिन्याला तोच तक्ता त्याच जागी छापेल. मला तेवढंच हवंय.

अजून एक. रिपोर्टात खर्च ५०,००० आणि माझ्या कार्डावर ५९,०००. वरचे नऊ हजार म्हणजे १८ टक्के जीएसटी, हे मला माझ्या सीएने सांगितलं, एजन्सीने नाही. तोवर मी मनात त्यांना चोर ठरवून मोकळा झालो होतो.

सातपूरकर

जीएसटीची ओळ आमच्याही रिपोर्टात नाही. आजच टाकतो.

आकडेमोड्या, तारीख ५ करतो. ८ नाही करू शकत, बिल्डर ३ पासूनच मागे लागतात.

पंचांगवाली

अंबडकर दादा, लबाडी करणारा डॅशबोर्डातही करेल. कुठला तक्ता वर ठेवायचा ते कधीतरी माणूसच ठरवतो ना? फक्त एकदाच ठरवतो आणि मग 'सिस्टीमच तशी आहे' म्हणायला मोकळा.

व्हॉट्सअ‍ॅपचंच घ्या. मेटा 'संभाषण सुरू झालं' म्हणून मोजतं. त्यातल्या निम्म्यांनी नुसतं 'हाय' टाकलेलं असतं. ते निम्मे कोण, हे शोरूममधल्या पोरीला विचारल्याशिवाय कुठल्या कनेक्टरला कळणार?

अंबडचा_क्लायंट

एकदाच ठरवतो ते पुरे आहे, ताई. ठरवताना मला समोर बसवा. दर महिन्याला ठरवू नका.

नवशिकी

धागाकर्ते ज्या कामाला पगार द्यायचा नाही म्हणतात ते काम करणारी मी. त्यांच्या ऑफिसातली नाही, गंगापूर रोडच्या दुसऱ्या एका एजन्सीत. दीड वर्ष झालं.

कंटाळा येतो हे खरं. पण एका क्लासच्या जाहिरातीत रविवारी रात्री ९ नंतर सगळ्यात जास्त फॉर्म भरले जातात, हे मला आकडे एकेक करून टाकतानाच दिसलं. मी सरांना सांगितलं, त्यांनी बजेट रविवारकडे वळवलं. तयार तक्ता मी उघडून बंद केला असता. सुटलेला वेळ आम्हाला विचार करायला मिळेल असं सगळे म्हणतात. आमच्याकडे रील्सचं शेड्यूलिंग आपोआप झालं तेव्हा सुटलेल्या वेळात आणखी तीन क्लायंट आले.

आकडेमोड्या

शेवटच्या वाक्याला +१. बाकी असहमत. रविवारचा तक्ता वार आणि तासाप्रमाणे लावला असता तर पहिल्याच आठवड्यात दिसला असता.

नवशिकी

लावायला कुणाला सुचलं असतं?

सातपूरकर

पटतंय आणि नाहीही. चौदा क्लायंटना प्रत्येकी अर्धा दिवस मी नाही देऊ शकत. म्हणून सध्या असं करतोय: आकडे शीटमधून आपोआप, पीडीएफ तयार होईल पण जाणार नाही. ५ तारखेला ज्याचा क्लायंट त्याने ती वाचायची, वर चार ओळी मराठीत लिहायच्या, मगच पाठवायची. ओळी नसतील तर मेल अडकून राहील. मुलांनी पहिल्याच दिवशी चॅटजीपीटीकडून ओळी लिहून घेतल्या तर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.

पंचांगवाली

करतीलच. 'उल्लेखनीय वाढ' दिसलं की समजा.

आकडेमोड्या

सणांची शीट मी करतो. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला होतं. त्यात २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक महिना. ताई, बाकीच्या तारखा तुम्ही भरा.

पंचांगवाली

भरते. अधिकात सराफ आणि बिल्डर दोघांचेही बाण लाल येणार, ते आत्ताच लिहून ठेवा.

अंबडचा_क्लायंट

रच्याकने, तो मेटाचा कनेक्टर विकत घेणार म्हणालात. त्याचे पैसे आमच्या बिलात नाही ना लागणार?