शब्दचर्चा: लहान मुलांसाठी 'टॅक्टिकल डिसिजन'ला काय म्हणावं?

प्रश्न: ७-८ वर्षांच्या मुलांसाठी खो-खोचं माहितीपत्रक तयार होतंय. मसुद्यात 'रणनीतिक निर्णयप्रक्रिया' असा शब्द आलाय. चालेल?

प्रतिसाद १: मुलांना जड जाईल हे सोडाच, अर्थही चुकतोय. रणनीती, व्यूहरचना ही शिट्टीच्या आधीची: कोणाला कुठल्या चौरसात बसवायचं, पळणाऱ्यांच्या तिघा-तिघांच्या तुकड्या कशा पाडायच्या. ऐन खेळात क्षणार्धात ठरतात ते डावपेच. शब्द कुस्तीतला: ढाक, कलाजंग, घिस्सा हे तिथले डाव. 'पेच' फारसी, म्हणजे पीळ.

प्रतिसाद २: 'डावपेच' शब्द अचूक, पण मुलांचा घोटाळा करणारा. खो-खोत 'पहिला डाव संपला' म्हणतात, तो डाव वेगळा. शिवाय 'डावपेच'ला कपटाचा वास येतो. 'युक्ती' गोड आहे, पण युक्ती सुचावी लागते. इथे समोर असलेल्या दोन पर्यायांतला, पळणं किंवा खो देणं, एक उचलायचा असतो.

प्रतिसाद ३: नाम हवंच कशाला? क्रियापदं द्या: हेर आणि ठरव. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी (गडी बसतात तो पट्टा) ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, आणि पाठ आपल्याकडे असलेल्या गड्यालाच खो देता येतो. त्यामुळे खो दिला की पाठलाग पलीकडच्या बाजूला जातो. मुलाने हेरायचं ते एवढंच: पळणारा माझ्या बाजूला, पुढे आहे का? असेल तर पळ. पलीकडे गेला? मग खो.

सरावाला ८ऐवजी ४ जण बसवा, पळणारा एकच ठेवा. शिट्टी झाली की सगळे जागीच थांबतील. पाठलाग करणाऱ्याला विचारा, "पळणारा कुठे? आता काय करशील?" तीन आकडे मोजेपर्यंत उत्तर, मग खेळ पुढे. चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. पुढच्या दोन पावलांत त्यालाच कळतं. उठल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे, हा तिसरा प्रश्न पहिले दोन अंगवळणी पडल्यावरच.

दोन चुका हमखास होतात. पळणारा हाताच्या अंतरावर असतानाही मूल सवयीने खो देऊन टाकतं. किंवा चौरस ओलांडून गेल्यावर खो आठवतो आणि ते मागे वळतं, तो फाउल. दोन्हींचं कारण बहुधा रेषेबाहेरून चाललेला "दे, दे!" असा ओरडा. तेव्हा मूल हेरत नाही, नुसतं ऐकतं.

प्रश्नकर्ता: 'हेर'ऐवजी 'बघ' नको का? सोपं आहे.

प्रतिसाद ३: बघताना सगळंच दिसतं, हेरणं म्हणजे हवं ते नेमकं टिपणं. सावज हेरतात, संधी हेरतात. 'गुप्तहेर' मुलांना ठाऊक असतोच, तिथून समजवा.

प्रतिसाद १: मान्य. मुलांच्या पानाला मथळा 'पळू की खो देऊ?', प्रशिक्षकांच्या पानावर 'डावपेच'.

प्रतिसाद २: आणि मसुद्यात एके ठिकाणी 'खो घालणे' लिहिलंय, ते बदला. खो देतात; घातलेला खो म्हणजे कामात आणलेला अडथळा.