मदत हवी आहे: मेकअपच्या खोलीत पॉडकास्ट, आवाज घुमतोय

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत रस्त्याकडेची दहा बाय बाराची खोली आहे. रील्स तिथंच होतात, आता स्किनकेअरवर मराठी पॉडकास्ट सुरू करायचाय. समोर दर वेळी एक पाहुणी.

रीलला जे शोभतं तेच आवाजाला मारक आहे: मोठा आरसा, फरशी, काचेची खिडकी. आवाज आपटून परत येतो आणि तो घुमारा एडिटिंगमध्ये धड निघत नाही; जास्त साफ करायला गेलं की 'स' आणि 'श' चिरकतात. म्हणून खोलीतला बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक बाद. दोन डायनॅमिक माइक (हे जवळचाच आवाज जास्त घेतात), तोंडापासून चार बोटं, जरा तिरके, म्हणजे 'प', 'फ'चा फुत्कार थेट बसत नाही. दोन माइकमधलं अंतर तोंड ते माइक अंतराच्या तिप्पट तरी, नाहीतर एकीचा आवाज दुसरीच्या माइकात शिरून पोकळ वाटतो. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट; आवाजाची सगळ्यात वरची पातळी (पीक) उणे १२ डेसिबलपर्यंत.

आता विचारायचंय ते असं. आरशापुढं स्टँडवर धनगरी घोंगडी दुहेरी टांगून कुणी रेकॉर्डिंग केलंय का? वरचे सूर ती शोषेल, पण खालचा जाड घुमारा राहतोच; कोपऱ्यात कापसाची गादी उभी केली तर भागेल का? रिंग लाइट लावला की वायरीत घूं येते, अडॅप्टर बदलून कुणाची गेलीय?

आणि पेड प्रॉडक्ट असेल तर एएससीआयच्या (जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था) २०२१ च्या नियमांप्रमाणं ऑडिओत सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक ब्रेकच्या आधी-नंतर ही जाहिरात आहे असं सांगावं लागतं. ते सांगायला तुम्ही मराठीत कोणतं वाक्य वापरता? ऐकणाऱ्याला लगेच कळेल असं हवंय.